हिराचा उजवा हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? — ठाऊक नाही. ऐका.

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं, तेव्हा मी बोईसरला नवा दवाखाना थाटला होता. वडील सफाळ्याचे वैद्य. बाईची नाडी डाव्या हाताची, पुरुषाची उजव्या — ते त्यांच्याकडून अंगात मुरलेलं. मी मात्र स्वतःला मोठा शिकलेला समजत होतो!

हिरा तारापूरच्या कोळीवाड्यातली, विशीची पोर. डोकं फुटेल असं दुखायचं, डाव्या हातानं माशांची पाटी धरवत नव्हती. तिनं डावाच हात पुढे केला, मीही तोच धरला. नाडी लागेना. रक्तदाब त्याच हातावर मोजला, जेमतेम भरला. अशक्तपणा आहे म्हटलं, पेजेत मीठ वाढव, खारवलेलं सुकं खा. तिनं उजवा हात पुढे केला. "ह्यो नाय बगत?"

मी हसलो. म्हणालो, त्यात काय बांगड्या भरायच्यात? — असं बोलवतं तरी कसं हो माणसाला?

ती मीठ खात राहिली. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली तशी तिच्या आईनं, लखमीनं, तिला भगताकडे नेलं. मग एक दिवस दिसेनासंच झालं, तेव्हा मुंबईच्या मोठ्या इस्पितळात.

तिथं उजव्या हाताला पट्टा बांधला, तर पारा चढतच गेला. रक्तवाहिन्यांना सूज येऊन त्या आतून अरुंद होणारा आजार. डाव्या हाताची वाहिनी बुजत आलेली, म्हणून तिथं दाब लागतच नव्हता. आणि एका मूत्रपिंडाचीही, म्हणून बाकी अंगात तो भडकलेला. सुजेवर गोळ्या दिल्या, सुकलेलं मूत्रपिंड काढून टाकलं. दाब उतरला. हिरा वाचली — नजर काही परत आली नाही.

मी तिला बघायला गेलो, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी मला विचारलं, दुसरा हात मोजला होता का? हो म्हणालो, तेव्हा ठीक होता. आणि — हेच सांगायला जीभ रेटत नाही — लखमीच्या समोर म्हणालो, यांनीच भगताकडे वेळ घालवला.

पुढे बाजारात मी दिसलो की लखमी पाटी खाली ठेवायची. "माजंच चुकलं, डागतर. तुमी सांगितलेलं मीठ रोज घातलं मी तिला. पन भगताकडं न्यायला नको व्हतं."

लखमी तसंच मानून मेली. तोवर दर खेपेला मी तिला म्हणायचो, जाऊ दे लखमी, होतं असं.

माफ करत होतो मी तिला.