तीन दिवस, शून्य पंक्चर

जानेवारीत याच ब्लॉगवर मी या नावाची पोस्ट इंग्लिशमध्ये टाकली होती. तुम्ही लोकांनी खाली भरपूर कमेंट केल्या. कुणी रूट विचारला, कुणी टायर कुठले ते विचारलं, आणि मी सगळ्यांना फुशारकी मारत उत्तरं दिली. ती पोस्ट मी काढून टाकलीये. ही तीच ट्रिप आहे, फक्त या वेळी पूर्ण लिहितेय. आणि मराठीत, कारण ज्यांच्या घरी जेवले त्यांना वाचता येणार नाही अशा भाषेत लिहिणं मला फार सोयीचं पडलं होतं. माझं मराठी शाळेतलं तिसऱ्या नंबरच्या भाषेचं आहे. चुका असतील, सांभाळून घ्या.

तर डिसेंबर. चिन्मय म्हणजे माझा मावसभाऊ. त्यानं नवी गिअरची सायकल घेतली होती आणि माझी जुनी होती, पण टायर नवे, जाड नक्षीचे. सिंहगडाचा रस्ता करून करून कंटाळा आला होता. नकाशा उघडला तर आंबेगाव-जुन्नरच्या बाजूला घोड, मीना, कुकडी अशा तीन नद्या जवळजवळ एकमेकींना धरून वाहतात आणि मधे डोंगराच्या रांगा. चिन्मय म्हणाला, तीन दिवसांत तीन खोरी. मी त्याच दिवशी ऑफिसात सुट्टी टाकली.

सायकली एसटीच्या टपावर जातात, हे नवख्यांसाठी सांगते. शिडीवरून चढवायच्या, आपला दोर न्यायचा, कंडक्टर लगेज तिकीट फाडतो. सकाळच्या गाडीनं पेठला उतरलो, कारण खेडचा घाट ट्रकच्या धुरात चढण्यात काही मजा नाही. पेठला वडापाव आणि चहा. चहावाल्या काकांनी चिन्मयची सायकल एका बोटानं उचलून बघितली, किंमत विचारली, आणि ऐकून म्हणाले, "एवढ्यात फटफटी आली असती की राव. वर पाय बी हलवावं लागलं नसतं."

मंचरपर्यंत हायवे, तो भरभर उरकायचा. तिथून डावीकडे घोडेगावचा रस्ता पकडला की एकदम शांत. दोन्ही बाजूंना ऊस, कांद्याचे वाफे, मधूनच घोड नदी दिसते. घोडेगावला चिन्मयच्या मित्राच्या काकांकडे राहिलो. पहिला दिवस इतका सोपा गेला की आम्हाला जरा माज चढला.

दुसऱ्या दिवशी डिंभे धरणाच्या कडेनं वर निघालो. खाली निळं पाणी, वर हिरड्याचं आणि ऐनाचं रान. पुढे डांबर संपतं आणि चढ असा की दोन तास सायकल ढकलत नेली. पण वरचा माळ! कमरेएवढं पिवळं गवत, मधून एका माणसाच्या रुंदीची पायवाट, आणि माणूस नाही. तिथे सायकल चालवण्यासाठी मी परत कितीही ढकलत जाईन. चिन्मय पुढे जोरजोरात गात होता, बेसूर.

माळ संपून मीनेच्या खोऱ्यात उतरणारी वाट सुरू झाली तिथे एक म्हातारा गुरं चारत होता. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. त्याला बुधाबाबा म्हणतात, हे आम्हाला नंतर कळलं. खाली एक वाडी दिसत होती, तिथे जायचं कसं विचारलं. त्यानं आधी एका लंगडणाऱ्या तांबड्या गायीला हाक मारून जवळ घेतलं आणि मग सांगितलं, गाडीवाटेनं गेलात तर लांब पडेल, या शेताच्या बांधावरनं उतरा, सरळ ओढ्यावर निघाल.

"पन शिरी परत लावा बरं का, पावणं. हरभरा हाय आत."

शिरी म्हणजे बोरीची काटेरी फांदी. शेतात शिरायच्या जागेवर ती आडवी टाकतात, की झालं फाटक. आम्हाला मात्र तिथे फक्त पंक्चर दिसत होतं. बोरीचा काटा जाड टायरमधूनही जातो. चिन्मयनं काठीनं ती शिरी उचलली आणि लांब, पार खालच्या भाताच्या खाचरात भिरकावली. खाली पडलेले सुटे काटे मी बुटानं बाजूला सारले. एक एक बघून. त्यासाठी आम्ही पाच मिनिटं दिली.

मग शेताच्या कडेनं उतरलो. बांध अरुंद होता, त्यामुळे जागोजागी चाक हरभऱ्यात जात होतं. पलीकडे आल्यावर मी थांबले आणि वर बघितलं. शिरी आणायची म्हणजे खाचरात उतरा, काट्यांची फांदी ओढत वर न्या. समोर ओढ्यापर्यंत मस्त उतार होता. "म्हातारा येतोच आहे मागून, तो लावेल," असं मी म्हटलं. चिन्मयनं नाही. मी.

ओढ्यात दगडावर आपटून चिन्मयच्या सायकलचा मागचा गिअर वाकला. मला आता वाटतं ते बरंच झालं, नाहीतर आम्ही तसेच पुढे गेलो असतो आणि मला यातलं काहीच कळलं नसतं. दुरुस्तीत दुपार गेली, जमलं नाही, आणि ऊन कलल्यावर सायकली ढकलत वाडीत पोचलो. पहिल्याच घरासमोर विचारलं, राहायला मिळेल का. घरच्या सुनेनं पाणी दिलं आणि म्हणाली, सासूबाई शेतावर पळत गेल्यात, गुरं शिरलीत. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

सासू, म्हणजे चांगुणामावशी, आली ती पदर खोचलेला, हातात काठी, ओच्यात हिरवा पाला. आम्हाला बघून तिचा चेहरा क्षणात बदलला. कुठून आलात, पाय धुवा, चहा ठेव गं. आमची ही पोरगी सायकल चालवते आणि तुम्ही ढकलता का, असं तिनं चिन्मयला विचारलं आणि स्वतःच हसली. मी तिची पोरगी झाले होते तेवढ्यात.

जेवायला तांदळाची भाकरी आणि पाल्याची सुकी भाजी, लसणाची. दिवसभराची भूक होती. मी दुसऱ्यांदा मागून घेतली आणि कसली आहे ते विचारलं.

"हरभऱ्याची. गुरांनी तुडीवला त्यो उपटून आनला. वाया कशाला घालवायचा."

आणि मग ती सांगत बसली की अर्धं शेत गेलं, घरची वर्षाची डाळ त्यातच व्हायची होती. भात काढल्यावर उरलेल्या ओलीवर एवढंच पीक येतं, परत पेरायला जमिनीत ओल नाही. तेवढ्यात बुधाबाबा आला. वाडीची गुरं तो राखायचा आणि त्याबदली रोज एका घरी जेवायचा. त्या दिवशी पाळी मावशीच्या घरची होती. तो माझ्याशेजारी बसला. मी ताटात बघत राहिले.

मावशीनं त्याला वाढलं आणि बोलायला सुरुवात केली. शिरी कुठं गेली, गुरं तुझ्या ताब्यात, तुझं लक्ष कुठं होतं. सून म्हणाली, जेवू द्या त्यांना. पण मावशी थांबली नाही. "डोळं गेलं आसतील तर तसं सांग. दुसरा गुराखी बगू आमी."

बुधाबाबानं मान वर करून आमच्याकडे बघितलं. आधी चिन्मयकडे, मग माझ्याकडे. रागानं नाही. नुसतं बघितलं, जसं आपण कुणी बोलतंय का म्हणून बघतो. मी घास चावत होते. चिन्मय पाणी प्यायला.

"आसंल," तो म्हणाला. "माझीच नजर चुकली आसंल."

त्यानं भाकरी अर्धी ठेवली, हात धुतला आणि गेला.

तिसरा दिवस मी काय सांगू. पहाटे उठून आम्ही जवळजवळ पळालोच. मावशीनं वाटेत खायला भाकरी बांधून दिली. पैसे द्यायला गेलो तर तिनं चिन्मयचा हात मागे सारला. रस्ता छान होता, खिंडीतून कुकडीच्या बाजूला उतरताना धुकं होतं, जुन्नरला बाजारपेठेत मिसळ खाल्ली, सायकली परत एसटीच्या टपावर. मिसळ कशी होती ते मला आठवत नाही. पुण्यात आल्यावर टायर तपासले. एकही काटा नाही. आणि मी ती पोस्ट लिहिली.

कमेंट येत गेल्या तसं मला ते पेज उघडवेना. चिन्मयला फोन केला. तो म्हणाला, आपण मुद्दाम केलं नाही, आणि आता जाऊन काय त्यांचा हरभरा उगवणार आहे. ते खरंच होतं. महिन्यानं मी एकटीच गेले, सायकल न घेता. जुन्नरपर्यंत एसटी, पुढे दुसरी एसटी फाट्यापर्यंत, तिथून चालत. गाडीवाट सोडून मुद्दाम वळसा घालून वर गेले आणि त्याच बांधावरून उतरले. कुणीतरी नवीन शिरी लावली होती. ती उचलली, आत गेले, परत लावली. ती नुसती टाकून चालत नाही. बुंधा नीट अडकवावा लागतो आणि वर दगड ठेवावा लागतो, नाहीतर गाय शिंगानं ओढते. मला तीनदा लावावी लागली.

चांगुणामावशी अंगणात तांदूळ निवडत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ती निवडतच राहिली.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "तुमी गेल्यावर सकाळी बगितलं. चाकाची नक्षी उमटली व्हती वाफ्यात."

मी विचारलं, बुधाबाबा कुठे आहेत. मावशीनं सूप खाली ठेवलं. तो आम्ही गेल्यावर चौथ्या दिवशीच लेकीकडे मढ गावाला निघून गेला होता. ती त्याला बोलवायला गेली, चूक झाली म्हणाली, तो आला नाही. "चार घास खाताना बोलले त्याला, त्ये बी पावन्यांम्होरं. हरभरा तुमच्यामुळं गेला पोरी, पन म्हातारा माझ्या तोंडामुळं गेला. आता मला सांगून काय व्हनार? मढला जा."

रात्री तिच्याकडेच राहिले, भाजी वांग्याची होती. दुसऱ्या दिवशी जुन्नरला येऊन मढची जीप पकडली. जीपमध्ये पुढच्या सीटवर चौघं, मागे मोजले नाहीत. बुधाबाबा लेकीच्या ओट्यावर बसून दोर वळत होता. त्यानं मला लगेच ओळखलं. मी परत सगळं सांगितलं, दुसऱ्यांदा सांगताना सोपं जाईल असं वाटलं होतं, गेलं नाही. शेवटी विचारलं, बाबा, तुम्ही तेव्हा आमचं नाव का नाही घेतलं.

"तुमी जेवत व्हता," तो म्हणाला. "जेवत्या मानसाला कसं उठवायचं?"

मग त्यानं दोराला पीळ दिला. नंतर विचारलं, वाडीला कुठनं गेलीस. मी म्हटलं, बांधावरून.

"शिरी?"

"लावली."

त्यानं माझ्या हातांकडे बघितलं. ओरखडे होते, त्यामुळे त्याला पटलं असावं. लेकीला चहा ठेवायला सांगितलं. चहा पिताना म्हणाला, "तांबडीचा पाय कसा हाय?"

मला माहीत नव्हतं. मी एक रात्र वाडीत राहिले होते, गुरं समोरून गेली होती, आणि मी तिच्याकडे बघितलंही नव्हतं. तसं सांगितलं. वाडीत आता रोज एकेका घरातलं माणूस गुरं नेतं, हे मी सांगितलं, तेही त्याला ठाऊक होतं. परत जाल का विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. विचारलं नाही.

रूट मागणाऱ्यांसाठी: पेठ ते डिंभे सगळं सरळ आहे, माळावरचं गवत दिवाळीनंतर बघण्यासारखं असतं, पाणी तीन लिटर न्या. खाली उतरताना गाडीवाटेनं जा. बांधावरचा रस्ता मी देणार नाही. टायर कुठले तेही विचारू नका, ती नक्षी मी ओळखते आणि मावशीही.

सायकल गॅलरीत आहे. मागच्या रविवारी मी परत वाडीत गेले होते. तांबडी डाव्या मागच्या पायानं अजून थोडी लंगडते, पण चढ चढते. तिथून मढला जाऊन एवढंच सांगून आले. बुधाबाबानं ऐकून घेतलं आणि विचारलं, खूर तापलाय का, हात लावून बघितलास का.

नव्हता बघितला.