ठुशीचं पदक

माझ्या आईच्या आईकडे एकच मोलाची वस्तू होती, ती म्हणजे ठुशी. आजी गेल्यावर आई आणि मावशी या दोघी बहिणींनी ती मोडायची नाही असं ठरवलं. मुली दोनच, मावशीची एक आणि आईची मी. दोघींनी आपापल्या लग्नात ती घालायची. मावशीच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये एकदा चोरी झाली होती, म्हणून ठुशी आईकडे दुबईला आली. कपाटात, बाबांच्या पासपोर्टाखाली, गुलाबी कागदात ती असायची.

मी आठवीत होते त्या वर्षी जुलैमध्ये मावशीच्या मुलीचं लग्न होतं. आणि मार्चअखेर आमच्या मराठी मंडळाचा पाडवा.

पाडव्याचा कार्यक्रम मंडळ शारजाच्या एका शाळेच्या मैदानावर करायचं. शुक्रवारी सकाळी, सुट्टीचा दिवस बघून. मैदान म्हणजे नुसती वाळू, मध्ये झेंड्याचा खांब आणि कडेला पाण्याचे कूलर. मुलींचं लेझीम गेटपासून सुरू होणार, मग खांबाभोवती फेर, मग फुगडी. मला त्यात घ्यावं असं मी कोणालाही म्हटलं नव्हतं. उंचीमुळे घेतलं.

नऊवारीवर घालायला आईने ठुशी काढली, तेव्हा मी म्हटलं, "आई, नो. इट्स टू मच."

"एकदाच. फोटो काढून मावशीला पाठवू. तिला बरं वाटेल."

ठुशीचे मणी ज्या रेशमी दोऱ्यात ओवले होते तो जुना झाला होता. मागचा गोंडा तर हातात यायला आला होता. दुबईच्या देरा बाजारातल्या सोनाराने आईला सांगितलं होतं, दोरा काढून साखळी आणि हूक लावून देतो, उद्या घेऊन जा. आईला ते पटलं नव्हतं. हूक लावला तर आजीची ठुशी राहणार नाही, असं तिचं म्हणणं. जुलैमध्ये पुण्याला गेल्यावर पटवेकऱ्याकडून नव्याने ओवून घ्यायची, तोवर तिने शिवणाच्या दोऱ्याने मागे चार टाके घातले. पुढे मधोमध एका कडीत पदक लटकत होतं, लाल खडा बसवलेलं, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडं मोठं. कडीकडे कोणी पाहिलंच नाही.

गेटपाशी आम्ही रांगेत उभ्या होतो. मंडळाच्या एका काकूंनी बजावलं, "व्हिडिओ चालू आहे हं. काही झालं तरी रांग मोडायची नाही. पदर सुटला तरी हसत राहायचं." कूलरच्या समोर, लेझीम खाली वाकवून वर आणताना, गळ्यावरचं काहीतरी हलकं झाल्यासारखं वाटलं. मी हात नेला. पदक हाताला लागलं नाही. आत पोलक्यात गेलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. थांबले असते तर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं. मी पुढे गेले.

नंतर खांबापाशी फुगडी घालताना आईचे टाके तुटले आणि ठुशीचे मणी वाळूत उधळले.

फुगडी थांबली. बायका गुडघ्यांवर बसून मणी वेचू लागल्या. कोणी चहाची गाळणी आणली, कोणी ओढणी पसरली. काकू वेचता वेचता म्हणाल्या, "अगं, पोरीला खरी कशाला घातलीस? वीस दिरहमला मिळते की इमिटेशन. म्हणजे दोनशे रुपये फक्त!"  आई मोहरीसारखे मणी बोटाच्या टोकाला चिकटवून रुमालात टाकत होती. दुपारपर्यंत बहुतेक सगळे मणी मिळाले. पदक मिळालं नाही.

"पदकपण इथेच पडलं ना गं?" आईने विचारलं.

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. व्हिडिओवालाही बघत होता.

"येस," मी म्हटलं.

बाबा एका काँट्रॅक्टिंग कंपनीत साइट इंजिनिअर होते. खणायच्या आधी जमिनीखाली काय आहे ते पाहायला त्यांच्या स्टोअरमध्ये एक मेटल डिटेक्टर होता. लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती, वर एक डबा आणि हेडफोन. गुरुवारी संध्याकाळी ते तो गाडीत टाकून आणत आणि शुक्रवारी पहाटे आम्ही तिघं शारजाला निघत असू. शाळेच्या ऑफिसने तोंडी परवानगी दिली होती, शाळा भरलेली नसताना या आणि खड्डे बुजवून जा, एवढ्या अटीवर.

बाबांनी खांबाभोवती खिळे ठोकून सुतळीने चौकोन आखले. एका शुक्रवारी चार चौकोन. ते डिटेक्टर फिरवत, आई मागून खुरप्याने उकरी आणि मी वाळू चाळायची. पहिल्याच दिवशी कळलं की शाळेच्या वाळूत लोखंड फार. डिटेक्टर दर दोन पावलांनी ओरडायचा. पेप्सीची झाकणं, कॅनच्या पट्ट्या, केसांच्या पिना, कंपासचं टोक, हाउस कॅप्टनचा गंजलेला बॅज, पंचवीस फिल्सची नाणी. खांबाच्या तळाशी काँक्रीटमध्ये सळ्या होत्या, त्यामुळे जवळ गेलं की आवाज थांबायचाच नाही. बाबांनी तिथे हातानेच उकरलं.

शाळेचा वॉचमन पेशावरकडचा होता, दाढीला मेंदी लावणारा. तो खुर्ची ओढून सावलीत बसायचा.

"साहब, सोना मिलेगा तो चौकीदार का हिस्सा?"

"पहले मिलने तो दो, चाचा."

"इन्शाल्ला मिलेगा. बीवी का है?"

"बीवी की माँ का."

"अरे!" तो उठून उभा राहिला. "तो फिर ठीक से ढूँढो ना. इधर-उधर क्या करते हो."

दुसऱ्या की तिसऱ्या शुक्रवारी बाबा दमले आणि हेडफोन त्यांनी मला दिला. मला ते काम आवडलं, हे सांगायला लाज वाटते. कान बंद असले की कोणी माझ्याशी बोलत नसे. आतमध्ये एक बारीक गुणगुण चालायची आणि पायाखाली धातू आला की ती चढायची. आईचे ओठ हलताना दिसत. ती बहुतेक देवाचं नाव घेत असावी. मी डोकं खाली घालून चौकोनाच्या एका सुतळीपासून दुसऱ्या सुतळीपर्यंत चालायची, आणि माझ्या उजवीकडे, शंभर पावलांवर, गेटजवळचे कूलर असायचे. मी त्या दिशेला बघत नसे.

सांगणार होतेच. घरून निघताना दर वेळी ठरवायची. पण पहिल्या दिवशी नाही सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी सांगायला आधी पहिला दिवस समजावून सांगावा लागतो. तिसऱ्या आठवड्याला त्याहून जास्त. मे महिन्यापर्यंत माझ्याकडे सांगण्यासारखी एक गोष्ट राहिली नव्हती, एक ढीग झाला होता. शिवाय कूलरपाशीच पडलं असेल कशावरून, असंही मी स्वतःशी म्हणायची. पोलक्यात अडकून खांबापर्यंत आलं असेल. मी पोलकं घरी तीनदा झटकून पाहिलं होतं.

मावशीचे फोन येत. आईही फोनचं कार्ड घालून करायची. मावशी प्रत्येक वेळी सांगायची, आणि तिचा आवाज एवढा मोठा की मला बाजूला ऐकू यायचा, "ठुशी हातातल्या पर्समध्ये आण हं. बॅगेत टाकू नकोस. बॅगा हरवतात."

"हो गं. पर्समध्येच आणणार," आई म्हणायची.

फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले, "सांगून टाक ना तिला. नाहीतर इथे करून घेऊ दुसरं पदक. तसंच."

"तसंच म्हणजे कसं? मिळेल ते. वाळूतून जाणार कुठे?"

जूनमध्ये पहाटे पाचलाही अंगाला घामाची चिकट पुटं चढायची. सहा वाजता ऊन डोळ्यांत घुसायचं. खांबाभोवतीचे चौकोन संपत आले होते. बाबांनी दुसऱ्यांदा फिरायला सुरुवात केली. या वेळी आवाजसुद्धा कमी येत होते, कारण झाकणं आणि पिना आम्हीच काढून टाकल्या होत्या.

अशाच एका शुक्रवारी वॉचमन म्हणाला, "साहब, जल्दी करो. अगले हफ्ते काम शुरू है. गेट की तरफ इंटरलॉक का फर्श डालेंगे, बस खड़ी करने को."

आईने दचकून वर पाहिलं. "इधर भी?"

"नहीं नहीं, खंबा तक नहीं. सिर्फ गेट से कूलर तक."

आईने पदराने कपाळ पुसलं. बाबांकडे बघून म्हणाली, "बरं झालं बाई. आपल्या बाजूला नाही."

मी हेडफोन घातलेला होता, पण एका कानावरून सरकलेला होता. मला स्पष्ट ऐकू आलं. आमच्या हातात तो सगळा दिवस होता. डिटेक्टर माझ्याच हातात होता. शंभर पावलं चालून गेले असते, तर काही बोलायचीही गरज नव्हती. मी हेडफोन कानावर नीट बसवला आणि आखलेल्या चौकोनात चालत राहिले.

पुढच्या शुक्रवारी गेल्यावर गेटमधून गाडी आत घेता आली नाही. गेटपासून कूलरपर्यंत हातभर खोल खणलेलं होतं, कडेला पिवळा जेसीबी उभा होता. वाळू तिथे नव्हतीच. खाली टणक, पांढरट जमीन दिसत होती आणि तिच्यावर जेसीबीच्या दातांच्या रेघा.

आम्ही फळीवरून पलीकडे गेलो. बाबा सुतळी सोडवायला लागले. मी म्हटलं, "बाबा, इट वॉजन्ट हिअर."

"काय?"

"द पेंडंट. इट फेल देअर. निअर द कूलर. आय फेल्ट इट."

बाबा सुतळी हातात घेऊन तसेच उभे राहिले. आई वळली. तिने मला मारलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"मराठीत सांग," ती म्हणाली.

"तिकडे पडलं. कूलरपाशी. लेझीम करताना."

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

आई एवढंच म्हणाली, "आणि मी इथे उकरत बसले."

बाबा वॉचमनकडे धावत गेले. रेत कहाँ गया, हा त्यांचा प्रश्न मला लांबून ऐकू आला. वॉचमनने हात चारी दिशांना केले. पाच-सहा ट्रक गेले होते, कोणता कोणत्या साइटवर ते ड्रायव्हरलाच माहीत. वाळू कुठल्यातरी भरावात पडलीसुद्धा असेल. "खलास, साहब," तो म्हणाला. 

तरीही बाबांनी त्या टणक जमिनीवर डिटेक्टर फिरवला. दोन तास. मी हेडफोन मागितला नाही आणि त्यांनी दिला नाही. एक बोल्ट निघाला, बहुतेक जेसीबीचाच.

पुण्याला जाईपर्यंत आईने मावशीला सांगितलं नाही. तिथे प्रत्यक्षच सांगते, फोनवर नीट बोलता येत नाही, असं ती बाबांना म्हणाली. उतरलो त्या रात्री पाहुणे होते. दुसऱ्या दिवशी बांगड्या भरायच्या होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोहे खात होतो आणि मावशीने पटवेकऱ्यालाच घरी बोलावलं, लग्नाआधी सगळं ओवून घ्यायला. म्हातारा माणूस, जाड चष्मा. त्याने सतरंजीवर पांढरं फडकं पसरलं, दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलं आणि हात पुढे केला. आईने रुमालाची गाठ सोडून मणी फडक्यावर ओतले.

"तुटली होय?" मावशी म्हणाली. "असू दे, ओवायचीच होती."

पटवेकऱ्याने बोटाने मणी पसरवले, थोडे इकडे, थोडे तिकडे.

"ताई, पदक?"

आईने पर्समध्ये हात घातला. पर्समध्ये काही नव्हतं, हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं.

"हरवलं," ती म्हणाली. "माझ्याकडून."

"कधी?" मावशीने विचारलं.

"पाडव्याला."

"पाडव्याला?" मावशीचा एरवीचा मोठा आवाज एकदम लहान झाला. "आणि मधे इतके फोन झाले आपले. मी विचारलं तेव्हा हो हो म्हणालीस."

"मिळेल असं वाटत होतं गं."

"हरवतं कोणाच्याही हातून. मी ओरडले असते का तुला? पण मला सांगायचं होतंस. माझीपण आई होती ती."

हॉलमध्ये नवरी होती, तिच्या दोन मैत्रिणी होत्या, मी होते. माझ्या हातात बशी होती. आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी बोलू नये म्हणून पाहिलं की बोलावं म्हणून, ते मला तेव्हा कळलं नाही. मी चमच्याने पोह्यांतला शेंगदाणा बाजूला सारला.

"ओवा हो तुम्ही," मावशी पटवेकऱ्याला म्हणाली. "पदकाशिवाय ओवा."

लग्नात ठुशी तशीच घातली. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना काही वाटलं नसेल. दोघी बहिणी फोटोत शेजारी उभ्या आहेत, पदर सावरलेले, चेहरे नीट. लग्नानंतर ठुशी मावशीने तिच्या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली. आम्ही निघताना तिने डब्यात लाडू दिले, चटणी दिली, विमानात खायला दशम्या दिल्या. ठुशीचा विषय तिने काढला नाही आणि आईनेही नाही.

दुबईत परतल्यावर दर महिन्याचा फोन सणासुदीपुरता उरला. मावशी तब्येत विचारते, आई पाऊस विचारते. कार्ड संपायच्या आत दोघींचं बोलणं संपतं.

मी आता नोकरी करते आणि घरात माझ्या लग्नाचं बोलणं निघतं. मध्ये आईने देरात जाऊन माझ्यासाठी नवी ठुशी बघितली. सोनाराने हूक लावू का विचारलं, तर तिने हो म्हटलं. मी शेजारी उभी होते. पुण्याहून आजीची मागवू या का, असं मी विचारायला हवं होतं. बोलायची ती वेळ माझी होती. सोनाराने डबी पुढे सरकवली, आईने ती पर्समध्ये टाकली आणि आम्ही टॅक्सी शोधायला बाहेर पडलो.