कासवाच्या उंचीवरून

तुकोजीअण्णा आमच्या घरी पहिल्यांदा आले, ते उंबरा ओलांडून दोन पावलं चालले आणि जमिनीवर सरळ पालथे पडले. पांढरं धोतर, काळा कोट, वय पासष्टीच्या पुढे. फेटा तेवढा काढून त्यांनी खुर्चीवर ठेवला होता. गाल तांबड्या कोब्याला टेकवून ते म्हणाले, "पुणेकर, इथं थंडी वाहते हो. स्वल्प खाली या."

मी साताऱ्याचा. पण अण्णांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे कानडी मुलुखात आलेलं. त्यांच्या लेखी मागाहून आलेले आम्ही सगळेच पुणेकर. मल्लेश्वरमात आमची भिंतीला भिंत होती. मी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात, आणि अण्णा सरकारी रेशीम केंद्रातून निवृत्त. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी रेशीमकिडे सांभाळले होते, म्हणजे ज्यांना विचारता येत नाही अशांची सोय बघितली होती.

त्यांना बोलावलं होतं ते कासवासाठी. आमच्या लेकीसाठी, शालूसाठी, मी बाजारातून तळहाताएवढं कासव आणलं होतं, पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं, जमिनीवर राहणारं. त्याच्या घराचा नकाशा मी समोरून, बाजूने आणि वरून असा तिन्ही अंगांनी काढला. सागवानी चौकट, चारी बाजूंनी काच, खाली पांढरा इनॅमलचा तळ. पाहुण्यांना दिसावं म्हणून ते मी बैठकीत खिडकीखाली ठेवलं. येणारा प्रत्येक जण घराची तारीफ करायचा. कासव दिवसभर काचेला नाक लावून पुढचे पाय खरवडत असायचं. त्याला माणसं ओळखू येतात, असं मी अभिमानाने सांगत असे.

मग डिसेंबर आला आणि त्याने खाणं सोडलं. पाच दिवस झाले. शालू काकडीची चकती हातात धरून तिथेच बसायची. ते मरणार का, असं तिने एकदाच विचारलं. मी काच पुसायला घेतली.

"घर झकास आहे," अण्णा जमिनीवरूनच म्हणाले. "बघणाऱ्याचं आहे. राहणाऱ्याला विचारलंत काय?"

काच म्हणजे भिंत, हे त्याला कळत नाही, अण्णा सांगत होते. वाट मोकळी आहे असं वाटून ते बिचारं चालत राहतं. गुळगुळीत तळावर नखं धरत नाहीत. चारी कोपऱ्यांत थंडी सारखीच, मग त्याने सरकायचं कुठे? मी मधे तोंड घालू लागलो की अण्णा जमिनीकडे बोट दाखवायचे: आधी आडवं व्हा, मग हरकत घ्या. ड्रॉइंग ऑफिसातल्या माणसाने आपलं काम पोटावर पडून बघावं, हे मला नवीनच होतं.

काचेला आतून तपकिरी कागद लागला. तळाला चार बोटं माती आणि वाळू. एका टोकाला तुपाच्या डब्यात बसवलेला विजेचा दिवा, दुसऱ्या टोकाला अर्धं मडकं पालथं. पाण्याची बशी मातीत रुतवून काठाशी सपाट. सकाळी खिडकी उघडायची, कारण अण्णांच्या मते काचेतून आलेलं ऊन शिळं. "उबेची जागा पाहिजे, गारव्याची पण पाहिजे. कुठं बसायचं ते त्याला ठरवू दे."

तिसऱ्या दिवशी कासवाने अण्णांच्या परसातल्या तुतीच्या पानाचा लचका तोडला. शालूने भिंतीवरून ओरडून सांगितलं. पलीकडून नुसतं कानडी "सरी", म्हणजे ठीक, एवढं ऐकू आलं.

पुढे आमचा धाकटा झाला, तेव्हा बारशाच्या दिवशी पाळण्यात आधी अण्णांनी डोकं घातलं. दिवा थेट डोळ्यांत येतो म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी दिव्याला कागदाची टोपी घेऊन आले.

मग त्यांच्या मुलाने नव्या जयनगरात घर बांधलं आणि ते लोक तिकडे गेले. दोनेक वर्षांनी सुनेचा, लीलाक्काचा, निरोप आला. मामंजी न्हाणीत पडले, अंथरुणाला खिळले, आता जेवणच घेत नाहीत. डॉक्टरांना काही सापडत नाही.

खोली छान होती. नवा रंग, नवा पलंग, तोही दारासमोर, येणाऱ्याला अण्णा लगेच दिसावेत असा. मीही लीलाक्काजवळ खोलीची तारीफ केली. अण्णा डोळे मिटून होते. "बरं आहे हो, पुणेकर," एवढंच म्हणाले. मी खुर्चीत बसलो. कोपऱ्यात पेज तशीच झाकलेली होती.

पलंग दोघांचा होता, अर्धा रिकामा. मी चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी जाऊन आडवा झालो.

तिथून काही छान नव्हतं. समोर दार, जाता-येता डोकावणारी तोंडं. वर उघडा दिवा. खिडकी डोक्यामागे, बंद. लीलाक्का कॉफी घेऊन आली, तेव्हा सुटलेल्या पोटाचा एक गृहस्थ तिच्या सासऱ्यांशेजारी छताकडे बघत पडला होता. ती बिचारी दारातच थांबली. मी पडल्या पडल्याच तिला म्हटलं, "नवऱ्याला बोलव. पलंग फिरवायचा आहे."

अण्णा त्यानंतर एक हिवाळा, एक उन्हाळा काढून गेले. कासव अजून आहे, शालूहून जास्त खातं.

त्या सकाळी लीलाक्काचा नवरा आणि मी, दोघांनी अण्णांसकट पलंग हळूहळू फिरवला, खिडकी उघडली. बाहेर त्यांनीच लावलेली तुती खिडकीएवढी वाढली होती. ऊन पायथ्याशी आलं. अण्णांनी डोळे उघडून बराच वेळ बाहेर पाहिलं. मग बरा पाय सावकाश सावलीत ओढून घेतला, दुखरा उन्हातच राहू दिला.

"सरी," ते म्हणाले. "लीला, स्वल्प सारभात आण."