अहो, कॉर्क आलं

बाबांचा मासा विकत आणला तेव्हा बोटाएवढा होता. मी ही हकिकत सांगायला लागलो तेव्हा वीतभर होता, आणि अलीकडे तो सुरमईच्या मापाला पोचला आहे. मी वाढवून सांगतो असं लोक म्हणतात. असं म्हणणारे लाखाच्या घरात आहेत. तेव्हा मासा तुम्ही हवा तेवढा छोटा करून घ्या. बाकीचं छोटं करायची सोय असती तर मीच केलं असतं.

तेव्हा मी आयर्लंडच्या सरकारी इस्पितळात कनिष्ठ डॉक्टर, सडाफटिंग, डब्लिनजवळ ॲडम्सटाउनमधल्या फ्लॅटवर राहायचो. आईबाबा कराडहून सहा महिन्यांसाठी आले. बाबांना बोलल्याशिवाय श्वास घेता येत नसे, आणि त्या इमारतीत त्यांचं ऐकायला कोणी नव्हतं. म्हणून ल्यूकनच्या दुकानातून त्यांनी काचेची टाकी आणि एक गोल्डफिश आणला. समोर खुर्ची टाकून बसायचे. काचेवर अंगठीनं तीनदा टक टक टक, आणि मग, "काय रे, जेवलास का?" मासा कुठंही असो, बाणासारखा यायचा. आई म्हणायची, "नशीबवान आहे. त्याला उलट बोलता येत नाही."

ते दोघं परत गेले. पुढच्या वसंतात बाबा गेले, आणि नेमका त्याच आठवड्यात आइसलंडमधला डोंगर फुटून राखेनं युरोपातली विमानं जमिनीला खिळवून ठेवली. शेवटचं पाणी मुलानं तोंडात घालायचं असतं. ते चुलतभावानं घातलं. अग्नीही त्यानंच दिला. मी विमानतळावरच्या बाकावर बसून होतो. यात मी काहीही वाढवलेलं नाही.

त्यानंतर आई बाबांची अंगठी घेऊन माझ्याकडं राहायला आली. पहिल्या दिवशी तिनं टाकीकडं पाठ केली. महिन्याभरात तीच माशाला खायला घालू लागली. बोलायची मात्र नाही.

जानेवारीत मला कॉर्कच्या इस्पितळात नोकरी लागली. मासा दुकानाला परत देऊ, असं मी आईला म्हटलं. नुसती माझ्याकडं बघत राहिली. मी रुग्णांच्या नातेवाइकांना वाईट बातम्या दिल्या आहेत. तशी नजर मला ओळखता येते. मासा कॉर्कला जाणार, जिवंत जाणार, हे तिथंच ठरलं.

ल्यूकनच्या दुकानदारानं बजावलं होतं, टाकीतलं थोडं जुनं पाणी बरोबर ने आणि फिल्टरचा स्पंज अजिबात धुऊ नकोस. पण तो स्पंज तुम्ही पाहिला नाही. गाळानं काळा, बुळबुळीत, नाल्यातून काढल्यासारखा. मी दिवसातून साठ वेळा हात धुणारा माणूस. नव्या घरात ही घाण न्यायची? आई खाली गेलेली बघून मी तो उकळत्या पाण्यात घातला आणि ऑपरेशनच्या हत्यारांसारखा लख्ख केला.

निघायच्या दिवशी सामान न्यायला व्हॅनवाला आला. दाराएवढा रुंद, हसरा आयरिश गडी. मासा झाकणाच्या बादलीत, बादली माझ्या गाडीच्या पुढच्या सीटसमोर आईच्या पायांत, वर बॅटरीवरचा हवेचा पंप गुरगुरतोय. गडी खिडकीतून वाकला, बादलीकडं बोट दाखवून आईला म्हणाला, "युअर मॅन ओके इन देअर?"

तिकडं कोणाचाही उल्लेख असाच करतात. युअर मॅन म्हणजे तो अमका, तो बाबा, बस एवढंच. आईला हे कोण सांगणार? तिनं शब्दाला शब्द लावला. तुमचा माणूस. तुमचे मालक.

ती एकदम सावरून बसली, पदर नीट केला. गाडी निघाल्यावर हळूच म्हणाली, "त्यानं ओळखलं बघ."

मला खुलासा करता आला असता. मी आरशात बघून गाडी हायवेला घातली.

अडीचशे किलोमीटर. मी सांगताना ती हजार करतो, कारण तेवढीच वाटली. बाहेर राखाडी शेतं, राखाडी मेंढ्या, राखाडी आभाळ. प्रत्येक खड्ड्याला आई बादलीचं झाकण दाबून धरत होती. शहराची पाटी दिसली तेव्हा ती खाली वाकली आणि बादलीला म्हणाली, "अहो, कॉर्क आलं."

आयुष्यभर तिनं ज्यांचं नाव घेतलं नाही, त्यांच्यासाठी एकच शब्द होता, आणि तो मी वर्षभरात ऐकला नव्हता. बादलीत पाणी डुचमळलं. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले ते नवं घर येईपर्यंत बसले नाहीत.

आणि घर तरी कुठं! शहराबाहेरची चाळीस घरांची नवी वसाहत, मंदीत बिल्डर बुडाला तशी अर्धवट राहिलेली. दिवे तीन घरांत. बाकीच्यांच्या खिडक्यांच्या काचांवर अजून कारखान्याचे स्टिकर. साडेचारला रस्त्यावरचे दिवे लागले आणि कोणीच नसलेल्या फुटपाथांवर उजेड पडला. व्हॅनवाल्यानं टाकी आत ठेवली, बाहेर नजर टाकून म्हणाला, "घोस्ट इस्टेट, हं! बट यू'ल बी ग्रँड."

अशा ओस वसाहतींना तिकडं तेच म्हणतात, आणि ग्रँड म्हणजे नुसतं ठीकठाक. पण आईला इंग्रजीतले जे वीसेक शब्द येत होते त्यात घोस्ट होता.

दिवेलागणीला तिनं मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन काहीतरी ओवाळलं, एवढं मी ओझरतं पाहिलं. दृष्ट काढली की ते विस्तवात टाकतात. पण आमची शेगडी काचेची, विजेची. विस्तव त्या घरात नव्हताच. मग कुठं टाकलं, हे मी विचारलं नाही. मला ड्यूटी होती.

आठवड्याभरात मासा पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागला. कल्ले तपकिरी पडले. अंगठी वाजवली तर येईना. आई खुर्चीवर बसून राहायची, आणि मी तिच्याकडं बघायचं टाळायचो. एकदा अतिदक्षता विभागाच्या दारात बाबांच्या वयाचा माणूस दिसला आणि मी अख्खा कॉरिडॉर उलटा चाललो.

शेवटी दुकानदाराला फोन केला.

"स्पंज धुतलास?"

"हो."

"मग त्यातले सगळे जिवाणू मेले. पाणी साफ तेच करतात. पाण्यात विष साचलंय. खरं तर एव्हाना तो मरायला हवा होता. मीठ टाकलंस का?"

"नाही."

टाकीच्या तळाशी खड्यांत मोहऱ्या दिसल्या. मूठभर काळे दाणे, एका दिवसाचे नक्कीच नव्हते.

"थांबा," मी म्हटलं. "टाकलंय. रोज."

"मग मिठानंच तगलाय. आता रोज अर्धं पाणी बदल."

फोन ठेवून मी आईसमोर उभा राहिलो. "स्पंज मी धुतला. त्यानं नको म्हणून सांगितलं होतं, तरी धुतला."

आई टाकीकडं बघत म्हणाली, "स्वच्छता त्यांना कधी मानवली होती?"

"आणि तू रोज मीठ का टाकत होतीस? भुताला घालवायला?"

"त्यांना कशाला घालवू?" ती चिडली. "बाहेरच्या ओस घरांतल्यांची दृष्ट लागू नये म्हणून. आपल्या घरातलं आपल्याकडं राहू दे की."

त्या महिन्यात मी रोज ड्यूटीवरून येऊन बादल्या उपसल्या. बाबांच्या तोंडी चमचाभर पाणी घालायला मी नव्हतो. ते आता बादलीनं घालत होतो. शेकडो लिटर झालं असेल. हजारो म्हणा.

एका दुपारी मी पाणी ओतत होतो. आई स्वयंपाकघरात, अंगठी फडताळात. काचेवर तीनदा टक टक टक झालं, आणि मासा बाणासारखा खुर्चीसमोरच्या कोपऱ्यात गेला.

पंपाची नळी काचेला लागत असेल. मी लोकांना तसंच सांगतो. हात ओले होते, बादली अर्धी होती. मी ती खाली ठेवली आणि रिकाम्या खुर्चीकडं बघून म्हणालो,

"जेवलो बाबा. तुम्ही?"