सासूबाईंची वाट

भुताखेतावर आपला इस्वास न्हाई, आदीच सांगून ठेवतो. तिसरी शिकलेला मानूस हाय, पर जलमभर रानात एकट्यानं राखण केली. कुनी "दिसलं, दिसलं" करत आलं की मी म्हनायचो, आदी डोळं तपासून ये. आता हे लिवताना भ्या न्हाई वाटत... लाज वाटती.

आमची वाडी पाटणच्या अंगाला डोंगरात. वर कोयनेचं जंगल, खाली लांब चांदोलीचं, मधी आमची वावरं. माझ्या वावराच्या कडंनं झाडीची अरुंद पट्टी हाय, तिथनं गवं ये-जा करत्यात. बांधाला खिंडार, आनि खिंडारापाशी दगडाची डोणी. आमची कारभारीण रोज तिच्यात पानी वतायची. गव्यांत एक म्हातारी, डावं शिंग मोडलेली. प्यायच्या आदी मान वर करून हिच्याकडं अशी बघायची की हिनं तिचं नावच सासूबाई ठेवलं. "अगदी तुमची आई बगा. पानी दिलं तरी तोंड वाकडं!" हे फकस्त मला, चुलीपुढं. भाईर कवा बोलली न्हाई.

पावसाच्या आदी कारभारीण गेली. जाताना म्हनाली, "तेवढी वाट मोडू नगा." मी व्हय म्हनलं.

तेरावा झाला आनि कळलं, जंगलखात्याचा सर्वे येनार. दोन जंगलं जोडायची, कॉरिडॉर म्हनत्यात त्याला. शेजारचा शिरपा म्हनाला, "आवं आबा, वाट दिसली की पट्टी सरकारात गेलीच समजा. गप बुजवून टाका." बुजवली. खिंडारात काट्या घातल्या, झटका मशीनची करंटवाली तार वढली, शिरपाला हाताशी धरून डोणी उपडी केली.

पाऊस सरल्यावर सर्वेची पोरगी भर दुपारी आली. निम्मी वाडी गोळा झाली.

"आजोबा, इथून गवे जातात का?"

"न्हाई. हितं जलमात गवा बघितला न्हाई मी."

मानसं खाली बघाय लागली. पोरगी गोंधळली. "पण काल आजींनीच वाट दाखवली की."

"कुठल्या आजी?"

"तुमच्या घरातल्या. हिरवं लुगडं, नवं कोरं. तुम्ही डोळे दाखवायला मलकापूरला गेलाय म्हणाल्या. वर म्हणाल्या, आमच्या कारभाऱ्यास्नी इचारू नगा, ते न्हाईच म्हंत्याल." पोरगी हसली. "आणि ती मोडक्या शिंगाची गवी... तिला त्या सासूबाई म्हणतात. का, विचारलं तर तोंडाला पदर लावून नुसत्या हसत बसल्या."

शिरपाच म्हनाला, "ताई, काकी पावसाच्या आदीच गेल्या."

हिरवं लुगडं हिनं आवडीनं कवा नेसलं न्हाई. सवाष्ण गेली, म्हनून जाताना आमीच नेसवलं.

मी सगळ्यांदेखत तार उपसली. म्हनलं, "खोटं बोललो. लिवा तुमची वाट." डोणी सुलटी कराय गेलो तर एकट्याला हलंना. पोरीनं आनि शिरपानं हात लावला. मान वर करायची सोय नव्हती.

शिरपा म्हनतो, त्या पोरीला कुनीतरी पढवलं असंल. असंल बी. मी मलकापूरला गेल्यालं सगळ्या वाडीला ठावं व्हतं, लुगडं बी सगळ्यांनी बघितल्यालं. पर चुलीपुढचं बोलनं कुनी पढवलं? लय डोकं खाजवलं, मला काय उलगडत न्हाई. तुमाला उलगडलं तर सांगा.

एक मातुर कळतंय. ती आली, परक्या पोरीपाशी बसली, हसली. माझ्यापाशी आली न्हाई. मला सांगून उपेग न्हाई, हे तिला ठावं व्हतं.

आता डोणी मीच भरतो. सासूबाई येत्यात, मान वर करून बघत्यात, पिऊन जात्यात.

ही येत न्हाई.