जोडात गेलेली ओळ

गेल्या वर्षीच्या ऑगस्टमधला तिसरा रविवार, दुपारचे साडेचार. ठिकाण, बुवापाड्यातलं आमचं घर. हजर पाच जण: मी, माझी मुलगी, तिची कॉलेजातली मैत्रीण, उल्हासनगर कॅम्प तीनला वडिलांचा जीन्सचा कारखाना सांभाळणारा एक सिंधी मुलगा आणि खेळ चालवणारे बदलापूरचे मास्तर. मुलीच्या पात्राचा शिल्लक जीव, अकरा.

हा खेळ कल्पनेतला. प्रत्येकाचं एक पात्र असतं. मुलगी तिरंदाज, सिंधी मुलगा बुटका योद्धा, मैत्रीण जादूगार. मास्तर गोष्ट सांगतात, राक्षसही तेच चालवतात. लढाई लागली की चौकटींच्या कागदावर सोंगट्या मांडायच्या. एक इंचाचं एक घर. कोणाचा वार कोणापर्यंत पोचतो, ते घरं मोजून ठरतं. मोजण्यावरून इतकी भांडणं व्हायची की दीड वर्षापूर्वी मास्तरांनी नियमांचं जाड पुस्तक माझ्या हातात ठेवलं. जो खेळत नाही तो मोजेल आणि त्याचं मोजलेलं शेवटचं, असं ठरलं. मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये सव्वीस वर्षं माल मोजलेला. लढाईचं प्रकरण पेन्सिलीने खुणा करत तीनदा वाचलं. तिरकं घरसुद्धा एकच धरायचं, हे मला कळलं तेव्हा बरं वाटलं होतं. नियम स्वच्छ होते.

मुलगी मंगळवारी नोकरीसाठी चेन्नईला जाणार होती. तिरंदाज जिवंत राहिली तर तिथून फोनवर खेळायचं, असं तिने मास्तरांशी ठरवून घेतलं होतं. "मेली तर नव्याने कोणी व्हायला मला तिथे कुठला वेळ," असं सकाळी पोहे खाताना म्हणाली होती. तीन वर्षांचं पात्र होतं ते.

राक्षस नाल्याच्या पलीकडच्या काठावर होता. तिघेही त्याच्यापासून पळत, नाल्यावरून उडी मारून अलीकडे आले होते. त्याने फेकलेल्या दगडाने बुटका योद्धा पडला. त्याला औषध पाजायला माझी मुलगी काठावरून निघाली. राक्षसाची गदा दोन घरं पोचते, आणि त्याच्या टप्प्यातून कोणी बाहेर निघालं तर त्याला एक वार फुकट मिळतो; फाशांवर पडेल तितका जीव जातो.

"काका, पोचतो का?" मास्तरांनी विचारलं.

मी बोट ठेवून मोजलं. नाल्याचं एक घर, मग तिचं. दोन. पोचतो, म्हणालो.

मास्तर फासे उचलणार इतक्यात सिंधी मुलगा कागदावर वाकला. नाल्यातून जाणाऱ्या जोडावर त्याने नख फिरवलं.

"अंकल, एक मिनिट. ये मेरी गलती है."

नकाशा त्यानेच कारखान्यातल्या कटिंगच्या कागदावर आखून आणला होता. दोन तुकडे चिकटवताना सवयीने शिलाईचं मार्जिन सोडलं, अर्धा इंच इकडून, अर्धा तिकडून. एक इंच कागदाखाली गेला. मास्तरांनी वही उघडली. वहीतल्या त्यांच्या मूळ नकाशात नाला दोन घरं रुंद होता.

मैत्रीण म्हणाली, मग नाही पोचत, विषय संपला. मास्तरही माझ्याकडे असे बघत राहिले की मी फक्त मान हलवायची होती. मी पुस्तक उघडलं. कागद चुकीचा चिकटला तर काय, याचं प्रकरण त्यात नव्हतं. पण दुसरं एक होतं, ते मला पाठ होतं. एका घराची उडी तशीच मारता येते, दोन घरांची मारायची तर फासा टाकावा लागतो. तिघांनीही फासा न टाकता नाला ओलांडला होता, एक घर धरून. काट्यात खोट निघाली तर शेवटचं एकच पोतं पुन्हा तोलता येत नाही. सगळं पुन्हा मांडलं तर ती अलीकडे पोचलीच असती कशावरून? हे मी सांगितलं तेव्हा माझा आवाज मलाच आवडला नाही.

"काका, स्वतःच्या मुलीला वाचवायलासुद्धा तुम्हाला पुस्तक लागतं का?" मैत्रीण म्हणाली.

मी मुलीकडे पाहिलं.

"पप्पा, माझ्याकडे नका बघू," ती म्हणाली. "पोचतो की नाही ते सांगा."

ती म्हणाली असती की सोडा, तर मी सोडलं असतं. तिने तेवढीही वाट ठेवली नाही.

"पोचतो."

मास्तरांनी फासे टाकले. चौदा. तिने आपल्या पात्राच्या कागदावरचे अकरा खोडरबराने पुसले आणि कागद झटकला. मैत्रीण उठून गॅलरीत गेली. मी पुस्तक मिटलं, आणि मग ते कुठे ठेवावं हे मला सुचेना.

मेलेल्याच्या थैलीतलं सोनं त्याच्या मर्जीने वाटायचं, अशी यांच्यात पद्धत आहे. तिने कागद माझ्याकडे सरकवला, मोजा म्हणाली. बासष्ट नाणी होती. सिंधी मुलगा अजून जोड नखाने उकरत होता, वर बघत नव्हता.

"रख ले रे," ती त्याला म्हणाली. "औषध घे आधी. अजून पडलेलाच आहेस तू."

मी बासष्टच्या बासष्ट बुटक्या योद्ध्याच्या नावावर लिहिली.