मौन मोडणारा हात

व्हेरोना स्टुपाक गप्प बसू शकते यावर गावात कुणाचा विश्वास नव्हता. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची उभी हयात गेली. तिथं ती पोरांच्या ताटात मॅकरोनी वाढायची आणि सोबत दोन-चार सल्लेही. चुकून लागलेल्या फोनवरच्या अनोळखी माणसाशी ती निवांत बोले आणि ठेवताना "पुन्हा कर हं" म्हणे. अशी बाई दर रविवारी टेकडीवरच्या दगडी घरात तासभर चकार शब्द न काढता बसते हे ऐकून तिच्या नणंदेनं छातीवर क्रूस काढला होता. "डॉक्टरला दाखवलंत का तिला?"

डॉक्टरांचं काम नव्हतं ते. व्हेरोना वाट पाहत होती.

तिचा नवरा एमिल ओहायो नदीवर कोळसा वाहणाऱ्या सपाट मालबोटीवर, बार्जवर, खलाशी होता. मार्चमधल्या एका धुकट पहाटे बार्ज धक्क्याला लागली तेव्हा एमिल तिच्यावर नव्हता. बरोबरच्यांनी हाका मारल्या, नदीत गळ टाकले, पाणबुडे आले, गेले. नदीनं काही परत दिलं नाही. आणि जे परत आलं नाही त्याची चर्चमधली अंत्यप्रार्थना, मिस्सा, कशी करायची? व्हेरोनानं ती होऊ दिली नाही. एमिलचा ट्रक अजून अंगणात उभा होता. कुणी विकत मागितला की ती म्हणे, "एमिल आला की विचारते." माणसं मान हलवून निघून जात.

आता टेकडीवरच्या मंडळींबद्दल. गावातलं कॅथलिक चर्च माणसं कमी झाली म्हणून वरच्या हुकमानं बंद झालं. दाराला साखळी लागली, आणि रुसलेली काही स्लोव्हाक कुटुंबं देव घेऊन रस्त्यावर आली. तेव्हा टेकडीवर क्वेकरांचं, म्हणजे पाद्रीशिवाय मौनात प्रार्थना करणाऱ्या पंथाचं, जुनं सभाघर होतं आणि त्यात उरलेले दोनच क्वेकर होते, एलम हॉइल आणि त्याची बहीण थॉमसिन. एलम खाली येऊन म्हणाला, "आमच्याकडे बाकं आहेत, माणसं नाहीत. तुमच्याकडे माणसं आहेत." एवढं बोलून तो दमला. महिन्याभराचं बोलणं त्याचं एकदम खर्च झालं होतं.

असं त्या दोन पंथांचं लग्न लागलं. या मंडळींचे पाद्री फादर लाइल डोंबेक आठवडाभर लोकांच्या घर तापवायच्या भट्ट्या दुरुस्त करत आणि रविवारी मिस्सा. त्यांना दीक्षा देणाऱ्या बिशपचं कॅथीड्रल म्हणजे त्याचं गॅरेज. रोमला या मंडळींचा पत्ता नव्हता, आणि पत्ता लागला असता तरी बर्फात त्या चढावर रोमची गाडी चढली नसती.

मिस्सा थोडक्यात व्हायची. शास्त्रवाचन, भाकर, द्राक्षरस. मग उरलेली भाकर मधल्या मेजावर दिव्यापाशी ठेवायची आणि भोवतीच्या बाकांवर सगळ्यांनी मौन धरायचं. प्रत्येकाच्या आतला उजेड आणि मेजावरची भाकर यांत एकच प्रभू आहे, अशी त्यांची श्रद्धा. ज्याला आतून येईल त्यानं उठून बोलावं, नाही आलं तर बोलू नये. पहिल्या रविवारी स्लोव्हाक म्हाताऱ्यांच्या जपमाळा खुळखुळत राहिल्या तेव्हा थॉमसिन म्हणाली, "या आवाजात देवाला मध्ये बोलायला जागा कुठं मिळणार?" म्हाताऱ्या आठवडाभर फणफणल्या आणि मग लोकरीच्या गाठींच्या माळा विणून घेऊन आल्या. पवित्र मारियेच्या पुतळ्यावर तर दोन हिवाळे गेले. कारण तिथं मतदान नव्हतं. शेवटच्या माणसाचं मन वळेपर्यंत काहीच ठरत नसे. अखेर थॉमसिननं तोड काढली. मारियेनं यावं, पण समोर उभं राहू नये, सगळ्यांसारखं बाकावर बसावं. तेव्हापासून मारिया मागच्या बाकावर, दाराजवळ असते. नवा आलेला माणूस अंधारात तिच्याशेजारी बसतो आणि "गुड मॉर्निंग" म्हणतो.

मौन मोडायचं काम एलमचं. वेळ भरली असं वाटलं की तो शेजारच्याचा हात हातात घ्यायचा, तो शेजारी पुढच्याचा, आणि बघता बघता खोलीभर हस्तांदोलन व्हायचं. घड्याळ नाही, घंटा नाही. त्याच्या डाव्या हाताला व्हेरोना बसे, कारण तिच्याशेजारी बसायला दुसरं कुणी तयार नसे. तिच्या डावीकडे थॉमसिन. एलमचा तळहात कोरडा होता, वहीच्या पुठ्ठ्यासारखा.

व्हेरोना त्या मौनात एमिलला शोधत असे. एरवी तो कुठंच नव्हता. घरात रेडिओ होता, दुकानात माणसं होती, आणि जिथं काही नव्हतं तिथं ती स्वतः बोलत होती. इथं मात्र इतकं शांत होई की कुणी आलं असतं तर ऐकू आलं असतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मृतांचा दिवस. त्या मौनात ज्यानं त्यानं आपल्या माणसाचं नाव उच्चारायचं, आणि सगळ्यांनी म्हणायचं, "उजेडात राहो." व्हेरोना आई-बापांची नावं घेई, मावश्यांची घेई, एका वर्षी तिनं कुत्र्याचंही घेतलं आणि लोकांनी त्यालाही उजेडात पाठवलं. एमिलचं नाव तिनं कधी घेतलं नाही. ते आतून आलं नाही, आणि आतून न आलेलं मागण्याची तिथं रीत नव्हती.

मग फेब्रुवारीत एलम झोपेतच गेला. त्याच्यामागून आलेल्या पहिल्या रविवारी मिस्सा झाली, मौन सुरू झालं आणि संपेना. ते संपवायचं कुणी, हे कुणी ठरवलंच नव्हतं. ठरवायला सभा घ्यायला हवी होती, आणि सभेसाठी आधी मौन संपायला हवं होतं. फादर लाइलनी दोनदा खाकरून पाहिलं. पोटं गुरगुरायला लागली. शेजारच्या खोलीत ओव्हनमधली कोबी-नूडल्सची हलुश्की करपल्याचा वास आला. वास सगळ्यांना आला, पण उठलं कुणी नाही. मेलेल्या माणसाची जागा भूक लागली म्हणून घ्यायची कशी?

तेव्हा व्हेरोनाच्या उजवीकडचं बाक किंचित खचलं. मांडीवरच्या तिच्या हातात एक कोरडा तळहात आला, धरला, आणि सुटला. तिनं पाहिलं. बाक रिकामं होतं, एलमच्या बसण्यानं गुळगुळीत झालेलं.

तिनं घाईघाईनं थॉमसिनचा हात हातात घेतला. खोलीभर सुटकेचा श्वास गेला.

"व्हेरोना, आतून आलं ना तुला?" फादर लाइल म्हणाले.

"आतून नाही फादर, उजवीकडून आलं."

सगळे हसले. व्हेरोनाच्या बोलण्यावर हसायची गावाला सवय होती. तेव्हापासून मौन मोडायचं काम तिच्याकडे आलं. सबंध गावात जिला गप्प बसता येत नव्हतं, तिच्याकडे.

तो हात पुढच्या रविवारी आला, त्याच्या पुढच्याही. ईस्टरनंतर एकदा कप विसळताना तिला राहवेना.

"थॉमसिन, एक सांगू? हसशील."

"मी कधी हसले आहे?"

"तुझा भाऊ येतो. बाकावर. हात मिळवतो."

थॉमसिननं कप पुसायचा थांबवला नाही. "हात गार असतो?"

"नाही. कोरडा असतो, पहिल्यासारखाच."

"मग बरा आहे. निघायला त्याला नेहमीच उशीर. आमची आई दारात उभी राहून ओरडायची, तरी हा आपला बूट बांधतोय."

"तुला भीती नाही वाटत?"

"जिवंतपणी त्यानं माझे कान खाल्ले नाहीत, आता काय खाणार? कान तू खातेस."

व्हेरोना थोडा वेळ फडक्याला पीळ घालत राहिली. "म्हणजे गेलेली माणसं येतात त्या बाकावर."

"तो येतो म्हणतेस ना?"

"आणि एमिल नाही आला. इतकी वर्षं मी तिथं बसते. परका म्हातारा न चुकता येतो, आणि ज्याचे सॉक्स मी जन्मभर शोधून दिले तो नाही."

"म्हणून तुला वाटतं, तो कुठंतरी आहे."

"मी काही म्हटलं नाही."

"हो," थॉमसिन म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदाच."

त्यानंतर तो कोरडा हात म्हणजे व्हेरोनाचा दर आठवड्याचा निरोप झाला. एलम आला, म्हणजे एमिल आला नाही. आला नाही, म्हणजे आहे. रविवारी घरी जाताना ती ट्रकच्या काचा पुसून जाई.

पण उन्हाळा सरता सरता तिला त्या हाताची भीती वाटू लागली. तो येण्याआधीचा क्षण वाईट असे. बाक खचलं की ती डोळे मिटून घेई, आणि हात लागेपर्यंत तो कुणाचा हे कळायला मार्ग नसे. म्हणून ती चोरी करू लागली. बाक खचायच्या आतच ती झटकन थॉमसिनचा हात धरून मोकळी होई. मौन आखूड होत गेलं. पोरं खूश झाली, फुटबॉलचा सामना सुरुवातीपासून बघायला मिळतो म्हणून फादर लाइलही आतून खूश असावेत. थॉमसिन मात्र तिला पायरीवर गाठून म्हणाली, "तू मौन कापतेस, व्हेरोना. कच्चा पाव भट्टीतून ओढून काढावा तसं."

"थंडी वाजते लोकांना."

"लोकांना नाही वाजत."

मृतांच्या रविवारी आपण आधी हात पुढे करणार नाही, असं व्हेरोनानं कबूल केलं.

त्या दिवशी नदीवरचं धुकं टेकडी चढून खिडक्यांना लागलं होतं. मिस्सा झाली, दिवा मधोमध ठेवला, आणि नावं येऊ लागली. फादर लाइलनी आईचं घेतलं. कोपऱ्यातल्या म्हातारीनं तिच्या तिन्ही नवऱ्यांची घेतली, आवडत्या क्रमानं. प्रत्येक नावामागून खोली म्हणत होती, "उजेडात राहो." मग थॉमसिन उठली.

"एलम हॉइल."

"उजेडात राहो."

व्हेरोनाच्या उजवीकडचं बाक करकरलं. वजन उठल्यावर लाकूड वर येतं तसं ते वर आलं. एलमचे बूट एकदाचे बांधून झाले होते. आता तिथं खरोखरच कुणी नव्हतं, आणि व्हेरोनाला ते इतकं जाणवलं की ती मारियेच्या बाकाकडे पाहू लागली, निदान कुणाचा तरी चेहरा दिसावा म्हणून.

नावं संपली. शेगडीतला निखारा खाली बसला. तिनं हात पुढे केला नाही.

मग बाक पुन्हा खचलं. एलमच्या वेळी खचायचं त्याहून खोल. नदीकाठच्या चिखलाचा आणि डिझेलचा वास आला, आणि तिच्या उजव्या हातात एक रुंद, ओला हात येऊन बसला. त्याची करंगळी मिटली नव्हती. लग्नाच्या वर्षी दोरखंडात चिरडून ती ताठ झाली होती, आणि व्हेरोना त्याला चिडवायची, की कॉफी पिताना तू राजवाड्यातला दिसतोस.

तिनं मान वळवली नाही. वळवली तर बाक रिकामं दिसणार, हे तिला ठाऊक होतं.

एलमचा हात धरी आणि सोडी. हा सोडत नव्हता. व्हेरोनाही सोडत नव्हती. आता मौन तिच्या मुठीत होतं आणि ती ते जन्मभर चालू ठेवू शकली असती. ही माणसं बसून राहिली असती, ती तशीच होती, आतून आल्याशिवाय उठणारी नव्हती. त्याला सांगायला तिच्याकडे केवढं साठलं होतं: नणंदेचं गुडघ्याचं ऑपरेशन, शेजाऱ्याचं कुंपण, बंद झालेलं चर्च, ट्रक. तिनं मनात तोंड उघडलं आणि त्यातलं काही येईना. एमिल तर बोलणाऱ्यातला नव्हताच.

हात थरथरत होता. तिला आधी वाटलं की आपलाच. मग कळलं, तो गारठलाय. नदीतून आल्यापासून त्याला कुणी टॉवेल दिला नव्हता, ऊब दिली नव्हती. मार्चपासून मार्चपर्यंत आणि पुढच्या साऱ्या मार्चपर्यंत हा माणूस ओल्या कपड्यांनिशी उभा होता, आणि ती म्हणत होती, एमिल आला की विचारते.

व्हेरोना उभी राहिली. हात तिच्या हातातच होता.

"एमिल स्टुपाक," ती म्हणाली. शाळेच्या जेवणघराच्या टोकापर्यंत पोचणारा तिचा आवाज, तो जेमतेम दिव्यापर्यंत गेला.

मग फादर लाइलनी सुरुवात केली आणि सगळ्यांनी धरलं, "उजेडात राहो."

आता उजवा हात सोडवून घ्यायचा राहिला होता. तो तिलाच सोडवावा लागणार होता. एक एक बोट करत तिनं तो सोडवला, ताठ करंगळी सगळ्यात शेवटी, आणि वळून थॉमसिनपुढे धरला.

तो गार पडलेला हात थॉमसिननं मिळवला नाही. दोन्ही हातांत घेऊन ती तो चोळू लागली, जोरजोरात, बर्फातून घरी आलेल्या पोराचा चोळतात तसा. खोलीतले बाकीचे आपापल्या जागी थांबून राहिले. त्या हाताला ऊब येईपर्यंत कुणीही उठलं नाही.